गीझरच्या पॉइंटवर ईव्ही? अर्धंच खरं

ईव्ही, म्हणजे विजेवर चालणारी गाडी, घेणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘होम चार्जर ही लूट आहे. गीझरच्या पंधरा अँपिअर पॉइंटवर गाडी चार्ज होते. फ्लॅट असेल तर वरून एक्स्टेंशन सोडा. अर्थिंग सगळीकडे असतंच. वेगळं मीटर घेतलं तर कमर्शियल दर लागेल.’

गीझर काही मिनिटांत थर्मोस्टॅटवर बंद होतो. ३.३ किलोवॉटचा पोर्टेबल चार्जर मात्र १४ अँपिअर ओढतो आणि ३० युनिटांची रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास घेतो. सॉकेटची पकड सैल होऊन नुसता ०.१ ओहम रोध आला, तरी त्या एका पिनेवर वीस वॅट उष्णता साठत राहते. फेजच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक आधी तपकिरी पडतं, मग मऊ होतं. तसं दिसलं तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. या चार्जरसाठी मीटरपासून ४ स्क्वेअर एमएम तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हवा.

एक्स्टेंशनचा सल्ला तर सरळ धोक्याचा. दीड स्क्वेअरच्या ३० मीटर वायरीत १४ अँपिअरला जवळपास १४० वॅट उष्णता होते. वायर गुंडाळलेली असेल तर ती बाहेर जात नाही आणि इन्सुलेशन वितळतं. ७.२ किलोवॉटचा, ३२ अँपिअरचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, लावणार असाल तर मीटर रूम ते पार्किंग हे अंतर आधी टेपने मोजा. ५० मीटरवर ६ स्क्वेअरच्या वायरीत दहा व्होल्ट वाटेतच कमी होतात, १० स्क्वेअरमध्ये सहाच. वीज कंपनीकडचा मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो.

अर्थिंगचं सगळ्यात गंभीर. अर्थ नीट नसेल तर बरेच चार्जर एरर दाखवून थांबतात. मग काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. चार्जर सुरू होतो खरा, पण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावरच करंट येतो. हे कुणालाही करू देऊ नका. अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, नसेल तर नवा करा, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीबीओ (करंट गळला किंवा जास्त गेला की वीज तोडणारा स्विच) लावा.

दराचा दावा चुकीचा आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येते, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय दिली. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगची दरश्रेणीच निराळी आहे. रोज ४० किलोमीटर चालवलं तर महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट लागतात. ते घरच्या मीटरवर आले तर बिल वरच्या टप्प्यात जातं. म्हणून दोन्ही हिशेब मांडून मगच ठरवा.

बंगल्यात हे सगळं सोपं, कारण मीटर आणि पार्किंग जवळ असतं. फ्लॅट असेल तर सोसायटीकडे परवानगीसाठी करायच्या अर्जाला वायरीचा मार्ग आणि पार्किंग क्रमांक दाखवणारा नकाशा जोडा. चाळीत ठरलेली पार्किंगच नसेल तर फुटपाथवरून वायर ओढू नका. काढता येणाऱ्या बॅटरीची दुचाकी किंवा सार्वजनिक चार्जर हाच तिथला मार्ग.