ऊन-पाऊस आहे, पण सूर्य कुठे आहे?
इंद्रधनुष्यावरच्या एका लेखात ‘ऊन-पाऊस एकत्र आले की इंद्रधनुष्य दिसतंच’ असं म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर असेल तर इंद्रधनुष्याची कमान क्षितिजाखाली जाते, म्हणून भर दुपारी ती सहसा दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्याकडे पाठ करून उभे राहा, पाऊस समोर हवा. आपल्या डोक्याची सावली हा कमानीचा मध्य. हात ताठ धरून वीत पसरली की साधारण २० अंश होतात, म्हणजे सावलीपासून दोन विती मोजा, साधारण तिथेच कमान शोधा. बाहेर दुसरी फिकट कमान असली तर तिचे रंग उलटे असतात आणि दोन्हींमधलं आकाश चक्क काळसर दिसतं. तो काळसर पट्टा जरूर बघा, बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही!