केसांची गोळी आणि पीएसए: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पीएसए म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन; प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला ते मोजतात. केस गळू नयेत म्हणून घेतात त्या फिनास्टेराइडच्या गोळीने हा आकडा खाली दिसतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘केसांची एक मिलिग्रॅमची गोळी ती केवढी! उगाच लोकांना घाबरवू नका. माझा पीएसए 2.4 आला आणि लॅबनेच नॉर्मल म्हटलंय,’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा राग समजतो, पण त्या 2.4 मुळेच मला काळजी वाटतेय.

गोळीने कॅन्सर होतो, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. प्रोस्टेट वाढल्यावर 5 मिलिग्रॅममध्ये देतात तेच फिनास्टेराइड केसांसाठी 1 मिलिग्रॅममध्ये मिळतं. ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी या जास्त प्रभावी हार्मोनमध्ये होणारं रूपांतर बरंच रोखतं. केस टिकतात ते त्यामुळे, आणि डीएचटीवर पोसणारी प्रोस्टेट ग्रंथी पीएसएही कमी सोडते तीही त्यामुळेच. डोस लहान म्हणून परिणाम लहान, असं इथे होत नाही. 1 मिलिग्रॅमवर झालेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात 48 आठवड्यांत चाळिशीतल्या पुरुषांचा पीएसए साधारण 40 टक्के, तर पन्नाशीतल्यांचा 50 टक्के उतरला होता. म्हणून वर्षभर गोळी चालू असेल तर डॉक्टर आकडा दुप्पट धरतात. तुमचे 2.4 म्हणजे अंदाजे 4.8. लॅबचं काही चुकलेलं नाही, पण रिपोर्टवरची 4 ची मर्यादा ही गोळी न घेणाऱ्यांसाठी असते.

4.8 म्हणजे कॅन्सर, असंही नाही. लघवीच्या संसर्गाने किंवा नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटनेही आकडा चढतो. पण गोळी चालू असताना 1.1 चा 1.9 झाला, तर तो 4 च्या आत आहे म्हणून सोडून देऊ नये. उतरलेला आकडा पुन्हा का चढला, हे विचारायलाच हवं.

सदाशिव पेठेतल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर मागे एका गृहस्थांनी फाइल उघडली. तपासणीच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ या रकान्यात बीपीची गोळी होती, शुगरची होती. केसांची नव्हती, आणि तीच पाकिटं ते दर महिन्याला माझ्याकडून नेत होते. विचारलं तर म्हणाले, “अहो, ते काय औषध आहे का?” त्या दिवसापासून मी प्रत्येक पाकिटावर पेनने ‘पीएसए करताना सांगा’ असं लिहून देतो. ड्युटास्टेराइड या तशाच औषधावरही लिहितो. नुसतं मिनॉक्सिडिल लावत असाल तर हा प्रश्न येत नाही.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गोळी सुरू करण्याआधी कधी पीएसए केला होतात का? तो जुना रिपोर्ट सापडला, तर नव्यासोबत युरॉलॉजिस्टना दाखवा. नसेल सापडत, तर गोळी कधीपासून घेताय तेवढं तरी या आठवड्यात त्यांना सांगून या.