घड्याळ शिकवताना घ्यायची काळजी

मूल घड्याळ वाचू लागलं की घरात काय काय घडतं, याचा विचार केलाय का? ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणून गेलेले बाबा पाऊण तासाने उगवले, हे त्याला कळू लागतं. पत्रिकेत मुहूर्त ११ वाजून ३२ मिनिटांचा आणि अक्षता पडल्या सव्वाबाराला, हे ते मांडवात मोठ्याने बोलून दाखवतं. तेव्हा अभ्यासक्रमात आहे म्हणून घड्याळ शिकवावं लागलं, तरी ते येणार नाही अशा बेताने शिकवावं. मी काही वर्षं तिसरीच्या वर्गावर हे काम चोख केलं आहे.

सुरुवात पुठ्ठ्याच्या घड्याळाने करा. जुन्या खोक्याचा पुठ्ठा, मधोमध टाचणी, दोन काटे. यातली खुबी अशी, की दोन्ही काटे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. मोठा सहावर आणा, छोटा तीनवर ताठ उभा करा आणि सांगा, ‘हे साडेतीन!’ खऱ्या घड्याळात छोटा काटा तोवर तीन आणि चारच्या मध्ये पोचलेला असतो, याची वाच्यता नको. मग तोंडी परीक्षेला, भिंतीवर पावणेचार झालेले असताना, पोराला उभं करा. छोटा काटा चारला जवळजवळ खेटलेला, मोठा नवावर. पोर हिशोबाने सांगतं, ‘चार वाजून पंचेचाळीस.’ मारा फुली. चूक पुठ्ठ्याची होती, हे त्याला कोण सांगणार?

पाढा पाच दाहे पन्नासला थांबवा. घड्याळात अकरा आणि बाराही असतात, पण ते पाढ्यात नसतात, त्याला आपण काय करणार? मोठा काटा दहाच्या पुढे सरकला की अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघू लागतो.

खरी मजा मात्र आपल्या भाषेने आधीच करून ठेवली आहे. साडेतीन, साडेचार, साडेपाच पाठ झालेलं मूल शहाण्यासारखं ‘साडेएक’ म्हणतं. इथे हसायचं. पोट धरून हसायचं, शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही बोलावून ऐकवायचं. साडेएक, साडेदोन का नाहीत आणि दीड, अडीच कुठून आले, हे मात्र सांगायचं नाही (आपल्यालाही कुणी सांगितलेलं नाही). मग सव्वा काढा. सव्वाशे रुपये म्हणजे १२५, सव्वा डझन केळी म्हणजे १५, हे घोटून घ्या आणि लगेच विचारा, ‘सव्वा तास म्हणजे किती मिनिटं?’ १२५ लिहिणारी मुलं निघतीलच. शंभराचा सव्वा आणि साठाचा सव्वा वेगळा, हे फळ्यावर दोन ओळींत मावतं, पण मग पुढच्या तासाला करायचं काय?

अंक वाचणं कुणी सोपं करू पाहिलं तर खवळून उठा. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असंही वाचायला सुचवलं, तेव्हा आपण कसे उठलो होतो! त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो, म्हणून पोरं ३६ लिहून मोकळी होतात, हे कारण ऐकायलाही आपल्याला सवड नव्हती. मराठी बुडाली म्हणून त्या वेळी सर्वांत मोठ्याने ओरडणारे माझे एक आप्त परवा फोन नंबर लिहून घेत होते. मी म्हटलं, ‘एकोणऐंशी.’ पेन थांबलं. ‘म्हणजे… सेव्हंटी नाइन ना?’

गोष्टी तर चुकूनही सांगू नका. मुंबई शहराने स्वतःची वेगळी वेळ, ‘बॉम्बे टाइम’, १९५५ पर्यंत जपली होती आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, असं मी एकदा भाबडेपणाने सांगून बसलो. पोरं कामाला लागली. मधली सुट्टी बॉम्बे टाइमने किती वाजता, शाळा किती वाजता सुटणार, घरी पोचल्यावर किती वाजलेले असणार. तासांतून उसने घेऊन मिनिटांची वजाबाकी, तीही न सांगता! त्या दिवशी माझा घटक नियोजनापेक्षा चार दिवस पुढे गेला आणि मला उगाच टाचण बदलावं लागलं.

सगळी काळजी घेतली तरी एखादं कार्टं निसटतंच. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक होता. घड्याळाच्या चाचणीत दहापैकी शून्य. पण घंटेच्या बरोबर दोन मिनिटं आधी त्याचं दप्तर भरलेलं असायचं, रोज. एकदा विचारलं, ‘तुला कसं रे कळतं?’ म्हणाला, ‘मोठा काटा त्या पोपडा उडालेल्या जागेसमोर आला की शिपाईमामा तंबाखू थुंकायला उठतात, सर.’

सुट्टीत मी स्टुलावर चढून घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लावलं.