नेपियर गाईलाही आणि गॅसलाही? हा हिशोब जुळत नाही

नेपियर म्हणजे उसासारखं उंच वाढणारं चाऱ्याचं गवत. त्याबद्दल मोबाइलवर फिरणारा संदेश थोडक्यात असा: 'सुपर नेपियर लावा, एकरी 200 टन घ्या. निम्मं गाईंना, निम्मं बायो-सीएनजी कंपनीला. खरेदीला सरकारी हमी. अमेरिकेत स्विचग्रासवर हे सिद्ध झालंय.' बायो-सीएनजी म्हणजे गवत, शेण वगैरे कुजवून केलेला इंधनाचा गॅस आणि स्विचग्रास हे तिकडचं एक उंच गवत. यावर विश्वास ठेवून लोक महागाची ठोंबं घेताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

200 टन? कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाचा को-4 हा नेपियरचा नावाजलेला संकरित वाण. त्याचंच सांगितलेलं उत्पादन वर्षाला हेक्टरी 380 ते 400 टन, म्हणजे एकरी दीडशे-एकशेसाठ. तेही बारमाही पाण्यावर आणि भरपूर खतावर. आणि हा हिरवा टन आहे, त्यात 80 ते 85 टक्के पाणीच असतं. वाहतूक शेतकऱ्याच्या गळ्यात असेल तर तो पाण्याचंच भाडं भरतो.

'निम्मं-निम्मं' यात खरी गोम आहे. गाईसाठी पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी आणि पुढच्या साधारण दर 45 दिवसांनी घ्यावी लागते. कंपनी टनावर पैसे देते, म्हणून माणूस फड वाढू देतो. मग कांडी जाड होते, प्रथिनं घटतात. असा चारा कुट्टी न करता टाकला की जनावर शेंडा आणि पानं ओढून खातं, सकाळी गव्हाणीत नुसती दांडकी उरलेली दिसतात. एकाच बांधावर दोन वेगळे तुकडे राखता येतील, पण एकच कापणी दोघांना पुरवता येत नाही. शिवाय नेपियरमधलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, ते जनावराच्या अंगी लागत नाही. त्यामुळे सोबत लसूणघास किंवा चवळी आणि खनिज मिश्रण हवंच. संदेशात याचा एक शब्द नाही!

अमेरिकेत सिद्ध झालं? तिथेही हीच अडचण आहे. गुरांसाठी स्विचग्रास पोटरीत असतानाच, म्हणजे तुरा बाहेर पडण्याआधी कापतात. ऊर्जेसाठी मात्र कडाक्याची थंडी पडून गेल्यावर, अन्नद्रव्यं मुळांत उतरल्यावर. 2006 साली राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेतल्या भाषणात या गवताचं नाव घेतलं. 2007 च्या कायद्याने काडीकचऱ्यापासूनच्या इंधनाचं 2022 साठी 1600 कोटी गॅलनचं लक्ष्य ठेवलं. त्याच्या जवळपासही कुणी पोचलं नाही.

सरकारी हमी म्हणाल तर 2018 च्या 'सतत' या बायो-सीएनजीच्या सरकारी योजनेत तेल कंपन्या गॅस बनवणाऱ्या प्रकल्पाकडून गॅस घेतात. तुमच्या गवताला हमीभाव नाही. प्रकल्प बंद पडला तर उभा फड तुमचा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जमीन. 100 टन हिरवं नेपियर शेतातून अंदाजे 250 किलो नत्र उचलतं, म्हणजे 45 किलोच्या बारा गोण्या युरियाएवढं. पालाश वेगळंच. चारा गोठ्यात गेला तर यातलं बरंचसं शेणातून परत येतं. ट्रकने गेला तर गेलंच. म्हणून कुणी करार घेऊन दारात आलं, तर भावाच्या आधी विचारा: प्रकल्पातली स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला खताचा काला, आमच्या शेतात परत येणार का, किती, आणि कुणाच्या खर्चाने? उत्तर कागदावर मागा.