भेंडीबाजार हे नाव झाडांचंच

भेंडीबाजार घराण्याच्या गाण्याचा कार्यक्रम असला की निवेदक सुरुवातीला हमखास एक गोष्ट सांगतात. आता ती व्हॉट्सॲपवरही फिरते आहे. गोष्ट अशी: इंग्रज मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, राहायचे आणि क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडच्या वस्तीला 'बिहाइंड द बाजार' म्हणायचे. इथल्या लोकांना ते नीट म्हणता येईना, म्हणून त्याचं 'भेंडीबाजार' झालं. परवा भाचीने शाळेच्या प्रकल्पात हेच लिहून आणलं आणि मला राहवेना.

आधी 'इंग्रज असं म्हणायचे' याबद्दल. मुंबईतल्या नावांची नोंद करण्याची हौस खुद्द इंग्रजांनाच होती. एस. एम. एडवर्ड्सने संपादित केलेलं मुंबई शहराचं गॅझेटियर १९०९-१० मध्ये निघालं. सॅम्युएल शेपर्ड या पत्रकाराने १९१७ साली मुंबईच्या रस्त्यांच्या आणि ठिकाणांच्या नावांवर अख्खं पुस्तक काढलं. हे नाव त्यांच्याच भाषेतून आलेलं असतं, तर ते पहिल्यांदा याच दोघांनी अभिमानाने सांगितलं असतं. त्यांनी सांगितलं ते भेंडीच्या झाडांचं. माझ्या लेखी वाद इथेच मिटतो. पण गोष्ट इतकी पसरली आहे की पुढचंही बोलायला हवं.

'बाजाराच्या मागे' म्हणजे नेमक्या कुठल्या बाजाराच्या? क्रॉफर्ड मार्केट बांधून झालं १८६९ साली. त्याच्या मागे लगेच भेंडीबाजार लागत नाही. आधी अब्दुल रहमान स्ट्रीट, मग पायधुनी, आणि त्यापुढे जे. जे. हॉस्पिटलच्या दिशेने गेलं की भेंडीबाजार. मार्केटच्या खऱ्या पाठीशी असलेल्या गल्ल्यांना सोडून हे नाव किलोमीटरभर पुढे जाऊन कसं बसलं? शिवाय कोटाबाहेरच्या सगळ्याच वस्तीला इंग्रज 'ब्लॅक टाउन', 'नेटिव्ह टाउन' म्हणत. त्यांचे शब्द ते होते.

'लोकांना म्हणता येईना' हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं. इंग्रजी शब्द आपल्या तोंडी झिजतात हे खरंच आहे. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चं 'हुकूमदार' झालंच. पण याच मुंबईकरांनी ग्रँट रोड, चर्चगेट, लॅमिंग्टन रोड ही नावं पिढ्यान् पिढ्या जशीच्या तशी सांभाळली. लॅमिंग्टन म्हणता येणाऱ्याला बिहाइंड का जड जावं? दोन शब्द कानाला सारखे लागले, एवढ्यावर एकातून दुसरा निघाला असं म्हणता येत नाही. त्यासाठी मधली एखादी पायरी दाखवावी लागते, आणि ती या गोष्टीत कुणीच दाखवत नाही.

आता झाडाकडे येते. 'भेंडी' म्हटलं की शहरातल्या माणसाला भाजीच आठवते, म्हणून झाडाची गोष्ट पटत नाही. (इथे भेंड्यांचा बाजार भरायचा, असंही काही जण सांगतात. तेही चूकच.) कोकणातल्या माणसाला मात्र समजावावं लागत नाही. भेंडीचं झाड, म्हणजे कुणी परस भेंडी म्हणतं ते, समुद्राच्या आणि खाडीच्या काठी खाऱ्या जमिनीतही मजेत वाढतं. आमच्या आजोळी कुंपणाला ओळीने भेंडीच होती. पान पिंपळासारखं हृदयाच्या आकाराचं. फूल भाजीच्या भेंडीसारखं पिवळं, आत गडद तांबडा डाग, आणि संध्याकाळपर्यंत सगळं फूलच लालसर होऊन जाणारं. पान गुंडाळायचं, एक टोक दाताखाली किंचित चेपायचं आणि फुंकायचं, की झाली पिपाणी. मामाच्या मते लाकूडही चिवट.

आणि हे झाड तिथे असणं अगदी साहजिक होतं. मुंबईच्या बेटांच्या मधल्या फटींतून तेव्हा भरतीचं पाणी आत येई. ते ओलांडताना पाय धुतले जात, म्हणून पायधुनी. शेजारीच उमरखाडी, म्हणजे उंबराची खाडी. थोडं पूर्वेला चिंचबंदर. या सगळ्यांच्या जवळच भेंडीबाजार आहे. पाणी, खाडी, उंबर, चिंच हे सगळं आजूबाजूला असताना मधल्या एका नावासाठी कोटातल्या साहेबाला कशाला बोलवायचं? जरा लांब गेलं तर चिंचपोकळी आहे, फणसवाडी आहे, ताडवाडी आहे. लोक जागा ओळखायचे ती झाडावरून.

'मग आज तिथे भेंडीची झाडं का नाहीत?' हा प्रश्न भाचीनेही विचारला. फणसवाडीत आज फणस किती आहेत? रस्ते रुंद झाले, चाळी उभ्या राहिल्या, झाडं गेली. आता त्या चाळीही पाडून साडेसोळा एकरांवर टॉवर उभे राहत आहेत. रस्त्याचं पाटीवरचं नाव इब्राहिम रहिमतुल्ला मार्ग झालं, तरी टॅक्सीवाल्याला सगळे भेंडीबाजारच सांगतात. भाचीने प्रकल्पातलं ते वाक्य खोडलं आणि पानाचं चित्र काढलं. कॉलनीच्या मागे खाडीकडच्या बाजूला भेंडीचं एक झाड आहे, त्याचं पान तिने समोर ठेवलं होतं.