कोरा फुगाही वाचावा लागतो

चित्रकादंबरी (चौकटींतील चित्रे आणि संवादाचे फुगे यांतून सांगितलेली कथा) ही वाचनात मागे पडलेल्या मुलांना ‘खऱ्या’ पुस्तकापर्यंत नेणारी पायरी आहे, हे मुलांच्या समावेशक पुस्तकांवरील लेखातील विधान मला पटले नाही. लहानपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या अमेरिकी लेखिका-चित्रकार सीसी बेल यांच्या २०१४ मधील ‘एल डेफो’ या चित्रमय आत्मकथनात सारी पात्रे ससे आहेत. नायिकेच्या श्रवणयंत्राची बॅटरी उतरू लागली की संवादाच्या फुग्यांतील अक्षरे फिकट होत जातात आणि अखेर फुगा कोराच उरतो. ऐकू न येणे म्हणजे काय, हे तिथे कोणी समजावून सांगत नाही, ते वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. समावेशक शिक्षणावरील, म्हणजे अपंग मुलांसह सर्वांना एकत्र शिकवण्यावरील, ग्रंथ त्याच विषयावरील युनेस्कोच्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याचा हवाला देऊन शाळेने मुलाप्रमाणे बदलावे असे सांगतात (तेही बहुधा अशा भाषेत, की शिक्षकच वगळला जावा!), तेव्हा त्यांच्या शेजारी हे पुस्तक ठेवण्यात काहीच गैर नाही. मात्र ज्या अद्भुतकथांत अपंग पात्र शेवटी जादूने ‘बरे’ होते, त्यांना समावेशक म्हणणे मला जड जाते. शिवाय दृष्टिहीन मुलाला चौकटीतले चित्र शब्दांत कोण सांगणार, या प्रश्नाला लेखात स्पर्शही झालेला नाही.