जागा वाढवल्या, शिकवणारे कुठून आणणार?

इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की ओळखीतली मुलं ऑप्शन फॉर्म दाखवायला येतात. प्रत्येक यादीत कॉलेजांची नावं वेगळी, शाखा मात्र त्याच. आधी कॉम्प्युटर, मग आयटी, मग एआय-डेटा सायन्स. सिव्हिल, मेकॅनिकल अगदी तळाला, ‘असू द्या’ म्हणून. मुलांना मी दोष देत नाही. सतरा-अठराव्या वर्षी ओळखीच्या दादाचं पॅकेज बघूनच निर्णय होणार. पण देशाच्या उच्च शिक्षणाचं नियोजन करणाऱ्यांनीही तेवढंच बघावं, याचा मला मनापासून राग येतो.

तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांना एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा उठवून दिली. जागा कुठल्या शाखेत वाढल्या हे सांगायला नको. आता साधा हिशोब करा. २४० जागा वाढल्या की चार वर्षांत ९६० मुलं. वीस मुलांमागे एक शिक्षक हा एआयसीटीईचाच निकष, म्हणजे ४८ नवे प्राध्यापक हवेत. डिग्री हातात पडताच ज्याला कंपनी उचलते, तो एम.टेक., पीएच.डी. करून तुटपुंज्या पगारावर शिकवायला का येईल? मग मेकॅनिकलच्या सरांनाच चार दिवसांचं ट्रेनिंग देऊन पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला उभं करतात.

दुसरीकडे, मागणी नाही म्हणून गेल्या दशकात कित्येक कॉलेजांनी सिव्हिल-मेकॅनिकलच्या तुकड्या कमी केल्या. त्याच काळात राज्यात समृद्धी महामार्ग झाला, मेट्रोचे मार्ग झाले, मुंबईत कोस्टल रोड झाला! जागा एका मंजुरीत वाढतात, पण विभाग एकदा मोडला की उभा राहत नाही. काँक्रीटचे क्यूब दाबून फोडायचं मशीन धूळ खात पडतं, ते चालवणारे लॅब असिस्टंट निवृत्त होतात आणि त्यांची जागा कुणी भरत नाही. पुढे मागणी परतली तरी शिकवायचं कुणी आणि कशावर?

आणि हे फक्त इंजिनिअरिंगपुरतं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं पटनोंदणीचं प्रमाण (१८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत) ५० टक्क्यांवर न्यायचं. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत ते २८.४ टक्के होतं, विद्यार्थी ४.३३ कोटी. पदवीच्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त कला शाखेत आहेत. वाढीव मुलांतली बरीचशी तिथेच येणार, आणि नेमकं तिथेच तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्षानुवर्षं पूर्णवेळ नेमणुकीची वाट बघतायत. तरी चर्चा होते ती संगणकाच्या जागांचीच.

माझं म्हणणं एवढंच आहे. वाढीव जागांना मंजुरी देण्याआधी पूर्णवेळ शिक्षकांची नेमणूकपत्रं तपासा. राज्याच्या प्रत्येक भागात निदान एका सरकारी कॉलेजातले सिव्हिल, मेकॅनिकल, भूगर्भशास्त्र, भाषा हे विभाग प्रवेश कमी झाले तरी सरकारी पैशाने चालू ठेवा. आणि कॉलेजांना फक्त सर्वात मोठं पॅकेज फ्लेक्सवर छापू देऊ नका. शाखेतल्या सगळ्या मुलांचं पाच वर्षांनी काय झालं, ते प्रवेशाच्या पोर्टलवर शाखेसमोर टाकायला लावा.